हमखास बरणी

बरणीसर गेले तेव्हा शाळेने शोकसभा ठेवली आणि दोन शब्द बोलायला चित्रकलेच्या सरांना उभं केलं. शाळेत दोघांच्या वर्गांमध्ये एकच भिंत, निवृत्तही दोघं पाठोपाठ झालेले, संध्याकाळचं फिरणंही बरोबर. तेव्हा यांच्याइतकं जवळचं दुसरं कोण असणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. चित्रकलेचे सर उभे राहिले, घसा खाकरला, "माणूस फार सरळ होता," एवढं म्हणाले आणि पुढचं काही सुचेना म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं, गहिवरून आलं असेल. खरी गोष्ट अशी की त्यांना सांगण्यासारखं फारसं काही माहीतच नव्हतं. बरणीसर मूळचे कुठले, त्यांचे वडील काय करत, विज्ञानाकडे ते कसे वळले, घरात बायकोशी पटत होतं की नुसतं निभत होतं, यातलं काहीही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. चहात दीड चमचा साखर लागते आणि ढवळून झाल्यावर चमचा रुमालाला पुसायची सवय आहे, हे पक्कं ठाऊक. आणि दुसरं ठाऊक होतं ते बरणीचं प्रकरण. पण ते काही सभेत सांगण्याजोगं नव्हतं, कारण त्यात ते स्वतःही होते.

मुलं चित्रकलेच्या सरांना रंगारीसर म्हणत. चित्रकलेच्या वर्गात नळ नव्हता, म्हणून ब्रश धुवायला त्यांना शेजारच्या प्रयोगशाळेत जावं लागे. तिथे मागच्या भिंतीला बेसिन होतं. त्या बेसिनपाशी उभं राहून त्यांनी बरणीसरांचे निम्मेअधिक तास पाठमोरे ऐकले असतील. त्यातला मेणबत्तीचा तास तर त्यांना तोंडपाठ होता.

परातीत पाणी, पाण्यात दोन थेंब निळी शाई, मधोमध मेणबत्ती. मेणबत्ती पेटवायची, वर काचेची बरणी उपडी घालायची. जराशाने ज्योत बारीक होते, विझते, आणि निळं पाणी बरणीत वर चढतं. बरणीवर पाच समान पट्ट्या रंगवलेल्या असत. पाणी बरोबर पहिल्या पट्टीशी येऊन थांबे. मग सर मागे वळून विचारत, "हवेत प्राणवायू किती?"

"पाचवा हिस्सा!" सगळा वर्ग एका सुरात.

"कोण म्हणतं?"

"बरणी म्हणते!"

म्हणून ते बरणीसर.

ही बरणी कपाटात कुलपात असे. सर नवे नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या आधीच्या विज्ञानशिक्षकांनी ती त्यांच्या हातात दिली होती आणि बजावलं होतं, "हिला जिवापाड जप. तपासणीला साहेब आले की हीच काढायची. दुसऱ्या बरणीच्या नादी लागू नकोस. हिच्यात हमखास येतं. आणि मेणबत्ती नवी घेऊ नको, अर्धी जळालेली घे." सरांनी हौसेने दोन-चार दुसऱ्या बरण्या लावून पाहिल्या होत्या. एकीत पाणी भलतंच वर गेलं, एकीत चढायचं नावच घेईना. त्यावरून त्यांनी एवढंच ठरवलं की बाकीच्या बरण्या खराब आहेत.

भिंतीवर याच प्रयोगाचा मोठा तक्ता होता. तो रंगारीसरांनी रंगवलेला. परात, बरणी, पाच पट्ट्या, पहिल्या पट्टीपर्यंत निळं पाणी, सगळं देखणं. फक्त विझलेली मेणबत्ती काय काढायची, चित्र मेल्यासारखं दिसेल, म्हणून त्यांनी ज्योत पेटती ठेवली होती. छान पिवळी, कडेला थोडी नारिंगी. बरणीसरांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "वा! ज्योत काय काढलीय!"

एका वर्षी मेणबत्तीच्या तासाच्या दुसऱ्या दिवशी मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. बारीक अंगाची, पण आवाज स्वच्छ. रंगारीसर तेव्हा बेसिनपाशी ब्रश धूत होते.

"सर, मी घरी प्रयोग केला."

"शाबास. मग? किती आलं?"

"सर, घरी एकच ठेवली तर थोडं आलं. मग मी तीन मेणबत्त्या लावल्या. तर पाणी जवळजवळ निम्म्यापर्यंत आलं."

बरणीसरांनी चष्मा कपाळावर ढकलला, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "असं? म्हणजे तुमच्या घरी प्राणवायू जास्त दिसतोय. अगं, मग आम्हालाही बोलाव की कधी श्वास घ्यायला!"

वर्ग असा फुटला की बोलायची सोय नाही. बाकं वाजवली पोरांनी. बरणीसर स्वतः हसले. बेसिनपाशी रंगारीसरही हसले, खांदे हलेपर्यंत. मुलगी काही वेळ उभीच होती, बहुतेक तिला आणखी काही विचारायचं होतं. मग बसली. त्या दिवसापासून तिचं नाव 'तीन मेणबत्त्या' पडलं, ते तिने शाळा सोडेपर्यंत. व्हरांड्यातून ती चालली की कुणीतरी लांब श्वास घेऊन दाखवे. शिक्षकांच्या खोलीतही चहाबरोबर तो विनोद बरेच दिवस पुरला.

पुढे कितीतरी वर्षं गेली. बरणीसरांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना एके दिवशी धुताना त्यांच्या साबणाच्या हातातून बरणी सटकली आणि बेसिनमध्ये फुटली.

शाळा सुटल्यावर रंगारीसर ब्रश घेऊन आले, तर बेसिनमध्ये काचा, आणि टेबलावर सात-आठ निरनिराळ्या बरण्या मांडलेल्या. कॉफीची, औषधाची, गोळ्याबिस्किटांची, कुणाकुणाकडून मागून आणलेल्या. बरणीसरांच्या बाह्या वर, कोपरापर्यंत शाई.

"हे काय, दुकान मांडलंय का?"

"हमखास बरणी गेली हो. तिच्या जागी दुसरी शोधतोय. एकीतही पाचवा हिस्सा येईना."

"खराब असतील."

"आठच्या आठ?" सर म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "इथे बसा जरा. हातातलं ठेवा. मी काही बोलत नाही. नुसतं बघा आणि काय दिसतं ते सांगा. तुम्हाला विज्ञान येत नाही, ते बरं आहे."

रंगारीसर बसले. सरांनी मेणबत्ती पेटवली, बरणी उपडी घातली.

"काय दिसतं?"

"बुडबुडे येतायत कडेने."

"मी मुलांना सांगत आलो, भांडं नीट टेकलं नाही म्हणून येतात. पुढे?"

"ज्योत बारीक झाली."

"पाणी?"

"पाणी आहे तिथेच आहे. आता विझली. अरे, आता धावलं की वर!"

"विझल्यावर," बरणीसर म्हणाले. "प्राणवायू जळाला म्हणून पाणी चढत असतं, तर जळत असताना चढायला नको का? हळूहळू? हे बघा, हवा तापते, फुगते, थोडी बुडबुड्यांनी बाहेर पळते. मेणबत्ती विझली की उरलेली थंड होते, आकसते, आणि पाणी वर ओढलं जातं. मेणबत्त्या जास्त, तर ताप जास्त, तर पाणी जास्त. प्राणवायू तर सगळा जळतही नाही, त्याआधीच ज्योत मरते."

"पण हवेत प्राणवायू पाचवा हिस्सा असतो, हे तर बरोबर आहे ना?"

"ते बरोबर आहे. तेच तर वाईट आहे. उत्तर बरोबर होतं म्हणून कुणी कारण तपासलं नाही. उत्तर आधी ठाऊक होतं आणि ते ज्या बरणीत येतं ती बरणी आम्ही कुलपात ठेवली."

रंगारीसरांची नजर भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली. पाणी चढलेलं, आणि ज्योत पेटती. इतकी वर्षं ती तिथे डौलात जळत होती.

"हा तक्ता उतरवू का?" त्यांनी विचारलं.

बरणीसरांनी ऐकलं नसावं. ते परातीत दुसरी मेणबत्ती चिकटवत होते, मग तिसरी. तीन पेटवल्या, वर गोळ्यांची बरणी घातली. पाणी निम्म्याच्या जरा खाली येऊन थांबलं. त्यांनी बरणीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं.

"ती हेच म्हणत होती," ते म्हणाले. कोण ती, हे रंगारीसरांना विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बरणीसर हेडसरांकडे गेले. हेडसर भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमचं पटतं मला. पण परीक्षेत हा प्रश्न येतो की नाही? पोरं तुमचं खरं लिहून आली आणि तपासणाऱ्याने भोपळा दिला, तर पालक माझ्या दारात उभे राहतील. दोन वर्षं राहिलीत. कशाला उकरता?" तेव्हा बरणीसरांनी शेवटची दोन वर्षं दोन प्रकारे शिकवलं. "हे पेपरात लिहायचं," असं फळ्याच्या डावीकडे, आणि "हे डोक्यात ठेवायचं," असं उजवीकडे. पोरांनी डावीकडचं उतरवून घेतलं.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना गाठायला सुरुवात केली. त्याचा त्यांना छंदच जडला म्हणा ना. रंगारीसर बहुतेक वेळा बरोबर असत आणि लाजेने चूर होत. शिंप्याकडे माप देताना हात आडवे पसरून बरणीसर सांगू लागले, "अरे, मी तुला शिकवताना एक चूक केली."

शिंप्याने टेप खांद्यावर टाकली. "सर, काय बोलताय! तुमच्यामुळे तर मी..."

"मेणबत्तीचा प्रयोग. त्याचं कारण मी खोटं सांगितलं."

"हात्तिच्या! मला वाटलं, मागच्या पँटबद्दल बोलताय. ती आखूड झाली होती ना?"

बस कंडक्टरला त्यांनी भर गर्दीत गाठलं. तो म्हणाला, "सर, पुढे सरका. पुढे सरका. त्या प्रश्नाला मी तेव्हा कोरं सोडलं होतं. मग आता माझं बरोबर धरून टाका!" सगळी बस हसली. दातांच्या डॉक्टरणीकडे खुर्चीत आडवं पडल्यावर त्यांना आठवलं की हीसुद्धा आपलीच. पण तोपर्यंत तोंडात आरसा आणि कापूस. "आं आं मे-आ-ती" असलं काहीतरी ते बोलू लागले, तर ती म्हणाली, "सर, दुखलं की हात वर करा." त्यांनी हात वर केला. तिने सुई आणली.

हे सगळं चाललं होतं, पण एक गोष्ट रंगारीसरांच्या लक्षात यायला वेळ लागला. फिरायला निघाले की चौकातल्या चष्म्याच्या दुकानाच्या अलीकडेच बरणीसर रस्ता ओलांडत. पलीकडच्या फुटपाथवर दुकानं नव्हती, सावली नव्हती, उलट गटाराचं झाकण तुटलेलं. तरी ओलांडत. आणि स्वतःच्या चष्म्याची काच बदलायला बस पकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला जात.

"इथेच का नाही जात?" एकदा रंगारीसरांनी विचारलं. "चांगली बाई आहे. माझा स्क्रू दोन मिनिटांत बसवून दिला."

"तुम्ही ओळखलं नाहीत तिला?"

रंगारीसरांनी मान वळवून दुकानाकडे पाहिलं. काउंटरमागे चाळिशीची एक बारीक अंगाची बाई काच पुसत होती.

"तीन मेण..." असं त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी जीभ चावली.

"अख्ख्या गावाला सांगत सुटलात," थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "आणि जिला सांगायला हवं तिच्या समोरून पळताय होय?"

"पळतोय," बरणीसर म्हणाले. "बाकीच्यांचं काय, ते हसतात आणि विसरतात. हिच्यासमोर कसं जायचं? ती तेव्हा बरोबर होती आणि मी तिला गप्प केलं. तिने पुढे सायन्सही घेतलं नाही. माझ्यामुळे असेल का हो?"

"चला, उद्या जाऊ," रंगारीसर म्हणाले. "मी येतो बरोबर."

ते गेले. पण तिने "या सर, बसा," म्हणून स्टूल पुढे केलं मात्र, बरणीसर ठरवलेलं सगळं विसरले. "डोळे तपासायचे होते," ते म्हणाले. तिने त्यांच्या नाकावर ती जड चौकट चढवली, काचा घातल्या, काढल्या. "हे बरं की हे बरं?" "हे." "आणि आता?" "तेच." खालची ओळ वाचा म्हणाली तर त्यांनी घाबरून वरचीच पुन्हा वाचली. शेवटी गरज नसलेला एक चष्मा सांगून दोघं बाहेर पडले.

"काय झालं?" रंगारीसरांनी विचारलं.

"न्यायला येऊ तेव्हा सांगतो."

चष्मा न्यायला गेले त्या दिवशी दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. तिने चष्मा त्यांच्या डोळ्यांवर ठेवून पाहिला, काड्या वाकवल्या. बरणीसर तसेच, आरशात बघत म्हणाले, "बाई, मला एक सांगायचंय. तू शाळेत असताना तीन मेणबत्त्यांचा प्रयोग केला होतास. तो बरोबर होता. माझं चूक होतं. पाणी चढतं ते हवा तापून थंड होते म्हणून. मला ते फार उशिरा कळलं."

तिचे हात थांबले. मग तिने चष्मा काढून कापडाने पुसायला घेतला.

"सर, ते मला तेव्हाच थोडंफार वाटलं होतं. काच किती तापली होती! आईने ओरडून हात धरला माझा. वर्गात मी तेच पुढे सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही हसत होता."

चूक झालीच असेल तर ती दुरुस्त करता येण्यासारखी निघावी, अशी बरणीसरांना आशा असावी. ते घाईने म्हणाले, "आणि सायन्स? माझ्यामुळे सोडलंस?"

"नाही हो सर." ती हसली, अगदी सहज. "घरचं तसं होतं, लवकर कामाला लागायचं होतं. सगळं तुमच्या अंगावर ओढून घेऊ नका. पाणी कशाने चढतं त्याचं मला तेव्हाही काही नव्हतं, आताही नाही. पण दोन वर्षं माझ्या पुढ्यात लोक श्वास घ्यायचे. बाहेरच्या मुलींनाही ते नाव कळलं होतं. आणि पहिले तुम्ही हसलात." मग तिने रंगारीसरांकडे पाहिलं. "तुम्हीही होतात. मागे, बेसिनपाशी. हातात ब्रश होता तुमच्या."

रंगारीसरांनी कधी विचारही केला नव्हता अशी ही गोष्ट. पाठमोऱ्या माणसाचं हसणं कुणाला दिसतं, असं ते आजवर धरून चालले होते. माफी मागावी असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांनी काउंटरवरची एक फ्रेम उचलली, उघडली, मिटली आणि जागेवर ठेवली. त्यानंतर वेळ निघून गेली.

"लागला नीट?" तिने चष्मा परत बरणीसरांच्या डोळ्यांवर ठेवत विचारलं. "टोचला तर घेऊन या. सैल करून देईन."

दोघं बाहेर आले. बरणीसरांनी रस्ता ओलांडला नाही. बराच वेळ चालल्यावर ते म्हणाले, "भलतंच दुरुस्त करत फिरलो हो मी." त्यानंतर त्यांनी मेणबत्तीचा विषय कुणापाशी काढल्याचं रंगारीसरांनी ऐकलं नाही. शिंपी एकदा आपणहून म्हणाला, "सर, तो प्रयोग काय होता?" तर बरणीसर म्हणाले, "जाऊ दे. तुझं कसं चाललंय? शाळेत तुला कुणी काही चिडवायचं का रे?" शिंपी कात्री हातात धरून बघतच राहिला. मग खाली बसून बराच वेळ काही काही सांगत बसला.

त्या दिवसानंतर रंगारीसर अजून त्या दुकानात एकट्याने गेलेले नाहीत. दोनदा पायरीपर्यंत जाऊन आले.

बरणीसर झोपेत गेले. त्याच्या आदल्या संध्याकाळी दोघं नेहमीसारखे फिरून आले, कोपऱ्यावर थांबले. काही विशेष बोलणं नव्हतं. बरणीसर कानामागे हात नेऊन चाचपत होते.

"काय झालं?"

"हा चष्मा. उजव्या कानामागे टोचतो."

"मग जा की. ती म्हणालीच होती."

"जावं म्हणतो उद्या."

"सकाळी जा. दुपारी बंद असतं."

"हो. सकाळीच जातो."